फुकटची फौज

इंग्रज भारतातून का गेले, हा वाद मराठीत दर ऑगस्टला नव्याने सुरू होतो आणि दर वेळी त्याच तीन खुंट्यांभोवती फिरतो. एक खुंटी बेचाळीसच्या लढ्याची. दुसरी आझाद हिंद सेनेची आणि मुंबईतल्या नाविकांच्या बंडाची. तिसरी खुंटी कर्जात बुडालेल्या ब्रिटनची आणि लंडनमधल्या मजूर पक्षाच्या सरकारची. दुसऱ्या खुंटीवाले लोक १९४७ मधले ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांचं एक वाक्य हमखास पुढे करतात : इंग्रजांच्या जाण्यात गांधींचा वाटा अगदीच किरकोळ होता. हे वाक्य ॲटलींनी १९५६ मध्ये कोलकात्यात खासगी बोलण्यात उच्चारलं, असं त्यांच्या यजमानांनी १९७६ च्या एका पत्रात लिहिलं आहे. वीस वर्षांनी आठवलेल्या एका संभाषणावर एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर टांगून ठेवणं मला मान्य नाही. त्याहून पक्का पुरावा हाताशी आहे आणि तो हिशोबाचा आहे. फौजेचा पगार कोण देतं, तिला कुठे पाठवता येतं आणि हुकूम सुटला तर ती गोळी झाडेल याची खात्री किती, या तीन गोष्टी वर्षागणिक तपासत गेलं की साम्राज्य कसं उभं होतं आणि कसं कोसळलं, दोन्ही दिसू लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सुएझच्या पूर्वेकडचं ब्रिटिश साम्राज्य भारतीय करदात्याने पोसलेल्या फौजेवर उभं होतं. ही फौज लंडनला जवळजवळ फुकट मिळत होती. ती आधी महाग झाली, मग तिचा भरवसा गेला आणि १९४७ मध्ये ती हातातूनच सुटली. त्यानंतर उरलेला डोलारा पंचवीस वर्षांत खाली आला.

फुकट हा शब्द मी रागाने वापरत नाही. ब्रिटिश संसदेत तो अर्थ १८६७ मध्येच बोलला गेला होता. ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजाने काही युरोपीय लोकांना कैदेत ठेवलं म्हणून मोहीम काढायची ठरली. ती काढली मुंबईच्या फौजेने. सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबई फौजेचेच मुख्य होते. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुप्पट बाजारबुणगे, ४०,००० हून अधिक जनावरं आणि त्यांत ४४ हत्ती, हे सगळं समुद्रापार गेलं. या सैनिकांचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतूनच द्यायचा, असं ठरलं. त्या चर्चेत लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी हरकत घेतली. त्याच वर्षी मार्चपर्यंत ते भारतमंत्री होते आणि पुढे लॉर्ड सॉलिसबरी या नावाने पंतप्रधान झाले. पूर्वेच्या समुद्रातली एक इंग्रजी बराक, जिच्यातून हवे तेवढे सैनिक पैसे न देता उचलता येतात, अशा नजरेने भारताकडे पाहणं आपल्याला आवडत नाही, असं ते म्हणाले. हे वाक्य आपल्याकडे पुष्कळदा उलट्या अर्थाने, जणू ते बढाई मारत होते अशा थाटात, उद्धृत होतं. त्यांचा पुढचा मुद्दा तर आपण वाचतच नाही : छोट्या छोट्या लढायांच्या मोहाला लगाम फक्त एकच असतो, त्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून द्यावा लागणं. तो लगाम भारतामुळे सुटला होता.

या फौजेची बांधणी मात्र अविश्वासावर झाली होती. १८५७ नंतर पील आयोगाने गोऱ्या आणि देशी सैनिकांचं प्रमाण बांधून दिलं : बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मद्रास आणि मुंबईत तिघांमागे एक. तोफखाना देशी हातांतून काढून घेतला आणि फक्त डोंगरी तोफांच्या बॅटऱ्या ठेवल्या. म्हणजे या फौजेसाठी खर्चाच्या वहीत एक गोरं पहारेकरी दल कायमचं धरलेलं होतं आणि त्याचाही खर्च भारतच देत होता. पुढे १९४६ मध्ये नेमकी हीच अट पुरी करता आली नाही.

१८८२ मध्ये इजिप्त ताब्यात घेतलं गेलं, तेव्हा भारतातून सुमारे ७,००० सैनिक सुएझला उतरले आणि तेल-अल-कबीरच्या लढाईत लढले. खर्चाचा मोठा भाग भारतावर पडला. लंडनने नंतर पाच लाख पौंड दिले आणि विषय मिटवला. १९०० मध्ये पेकिंगला वेढ्यातून सोडवायला भारतीय पलटणी गेल्या. चीन असो वा पूर्व आफ्रिका, लंडनच्या युद्धखात्याला आपल्या करदात्यासमोर जायची गरज फारशी पडत नव्हती.

स्वस्त फौजेची किंमत शेवटी सैनिकच मोजतो. याचं सर्वांत दुःखद उदाहरण मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, घडलं आणि ते पुण्याच्या नावाने लिहिलेलं आहे. सहावी (पूना) डिव्हिजन १९१४ च्या शेवटी बसऱ्याला उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. मोहीम चालवत होतं सिमल्यातलं भारत सरकार, तेही शांतताकाळातल्या काटकसरीच्या सवयीने. बसऱ्याला समुद्री जहाज लागेल असा धक्का नव्हता. जहाजं नदीत नांगरून माल होड्यांत उतरवावा लागे. वर रस्ता नाही, रेल्वे नाही, सगळी भिस्त तैग्रिस नदीवरच्या मोजक्या वाफेच्या बोटींवर. फौज जितकी पुढे सरके तितकी एका बोटीची फेरी लांबे. म्हणजे आघाडीला रोज पोचणारी रसद फौज पुढे गेल्यानेच घटत जाई. हे साधं त्रैराशिक आहे, पण बगदादच्या मोहात ते कुणी मांडलं नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मार बसला आणि जखमींना लोखंडी पडावांवर उघड्यावर टाकून खाली पाठवलं गेलं. उरलेली डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. घोड्याचं मांस खायला भारतीय सैनिक बराच काळ तयार नव्हते, त्यांना स्कर्व्हीने गाठलं. शरण गेले तेव्हा सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालाने व्यक्तींवर ठपका ठेवला. मूळ दोष माझ्या मते रचनेतच होता : निर्णय घेणारा, खर्च देणारा आणि मरणारा हे तिघे वेगवेगळे होते.

पहिल्या महायुद्धानंतर हिशोब पलटू लागला. मार्च १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सर शिवस्वामी अय्यर यांनी ठराव मांडले : भारतातल्या फौजेचं काम भारताचं बाह्य आक्रमणापासून रक्षण आणि आतली शांतता, एवढंच. बाहेरच्या मोहिमा गृहीत धरायच्या नाहीत. निवडून आलेले सदस्य अंदाजपत्रकावर बोलू लागले होते आणि लष्करी खर्चावर त्यांचं मत बांधील नसलं तरी व्हाइसरॉयला ते रोज ऐकावं लागत होतं. १९३३ मध्ये गॅरन लवादाने ब्रिटनला भारताच्या संरक्षणखर्चापोटी दर वर्षी १५ लाख पौंड द्यायला लावले. १९३९ मध्ये चॅटफिल्ड समितीने सांगितलं की भारतीय फौज आधुनिक करायला सुमारे ३.४ कोटी पौंड लागतील. त्यांतला तीन चतुर्थांश ब्रिटनने देणगी म्हणून द्यायचं मान्य केलं. ज्या फौजेकडे लंडन फुकटची म्हणून बघत होतं, तिच्या तोफा आणि गाड्यांसाठी आता लंडनच पैसे मोजत होतं. माझ्या मते साम्राज्याच्या उतरणीची खरी सुरुवात इथे आहे, आणि ती एकही गोळी न झाडता झाली.

नोव्हेंबर १९३९ चा संरक्षणखर्चाचा करार तर शाळेच्या पुस्तकात असायला हवा, इतका तो महत्त्वाचा आहे. त्याने भारताचा वाटा चार गोष्टींपुरता बांधला. पहिली, शांतताकाळातला ठरलेला वार्षिक खर्च, ३६.७७ कोटी रुपये. दुसरी, त्या खर्चावर महागाईने पडणारी भर. तिसरी, निव्वळ भारताच्या रक्षणासाठी केलेले युद्धकालीन उपाय. आणि चौथी, परदेशी ठेवलेल्या फौजेच्या जादा खर्चापोटी एकरकमी एक कोटी रुपये. याच्या वर जे काही होईल ते ब्रिटनने द्यायचं. करार झाला तेव्हा युद्ध युरोपपुरतं होतं. पुढे भारतीय फौज दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली, आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश अशा सगळ्या आघाड्यांवर लढली, आणि या चार कलमांबाहेरचा डोंगरभर खर्च लंडनच्या नावे पडत गेला.

तो दिला कसा, हे समजून घेतलं पाहिजे, कारण इथे भारताचीही मान कापली गेली. ब्रिटन भारतात रोख रुपये आणून देत नव्हतं. तेवढ्या रकमेची पौंडांतली नोंद लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर होई. त्या नोंदीच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापी आणि त्या नोटांनी कापड, धान्य, बूट, पगार यांची किंमत भागवली जाई. माल जात होता, नोटा येत होत्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहा पटींहून अधिक झाल्या. बाजारात धान्य तेवढंच किंवा कमी, नोटा सहापट. ज्याच्याकडे विकायला फक्त मजुरी होती, तो यात भरडला गेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची इतर कारणंही आहेत, पण हे त्यांतलं एक मोठं कारण आहे. युद्ध संपलं तेव्हा भारताचं लंडनमधलं जवळजवळ सगळं जुनं कर्ज फिटलं होतं आणि उलट ब्रिटनच भारताचं सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे रुपयाला दीड शिलिंग या दराने १,७०० कोटी रुपयांहून अधिक, देणं लागत होतं. ती रक्कम गोठवली गेली आणि स्वातंत्र्यानंतर हप्त्याहप्त्याने सुटत राहिली. भारताने सोसलं त्याची ही पुरी भरपाई नव्हती. पण साम्राज्याच्या बाजूने बघितलं तर एक गोष्ट कायमची संपली होती : भारतीय फौज बाहेर पाठवायची तर दर महिन्याला बिल येणार होतं.

पैशाचा प्रश्न असा सुटेनासा झाला, आणि त्याच वेळी भरवशाचा प्रश्न उभा राहिला. १९३९ मध्ये भारतीय फौजेत कमिशनप्राप्त भारतीय अधिकारी पाचशेच्या आसपास होते. १९४५ मध्ये आठ हजारांहून अधिक. महाविद्यालयातून आलेली, वर्तमानपत्र वाचणारी ही तरुण पिढी होती. मेस एक, पण पगार वेगळा आणि क्लबचा दरवाजा वेगळा, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. ५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यावर खटला सुरू झाला. तिघांनाही जन्मठेपेची शिक्षा झाली आणि ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑचिन्लेक यांनी ती माफ केली. ऑचिन्लेक भारतीय फौजेतच वाढलेले. त्यांनी मांडलेला हिशोब सरळ होता : शिक्षा अमलात आणली तर फौजेत शिस्त वाढेल की फौजच फुटेल? फुटण्याची भीती जास्त भरली आणि त्यांनी माघार घेतली. आझाद हिंद सेना रणांगणात इंफाळला हरली, पण ऑचिन्लेक यांच्या टेबलावर तिने असं वजन टाकलं. दुसऱ्या खुंटीवाल्यांचं एवढं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

आता जावाकडे वळतो, कारण या विषयात मराठी वाचकाचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत विसरलेला धागा तिथे आहे. जपान शरण आल्यावर डच वसाहत, म्हणजे आजचा इंडोनेशिया, परत कोण ताब्यात घेणार? डचांकडे फौज नव्हती. ब्रिटिशांचे गोरे सैनिक घरी जायला अधीर होते. आग्नेय आशियातले दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती माउंटबॅटन यांच्याकडे होत्या त्या भारतीय डिव्हिजन. २५ ऑक्टोबर १९४५ ला ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी भारतीय ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली : चौथी मराठा, सहावी मराठा आणि पाचवी राजपुताना रायफल्स, मिळून सुमारे चार हजार. काम कागदावर मर्यादित होतं, कैदेतले डच नागरिक सोडवणं आणि जपान्यांना निःशस्त्र करणं. प्रत्यक्षात जपान्यांची शस्त्रं आधीच इंडोनेशियन तरुणांच्या हाती गेली होती.

पुढे काय चुकलं ते लष्करी अभ्यासकाने मुद्दाम पाहावं. मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला होता की इंडोनेशियन लोकांकडची शस्त्रं काढून घेतली जाणार नाहीत. २७ ऑक्टोबरला वरच्या मुख्यालयाच्या विमानाने शहरावर पत्रकं टाकली : ४८ तासांत शस्त्रं द्या, नाहीतर गोळी घालू. मॅलबींना याची कल्पना नव्हती. जो समझोता त्यांनी शब्दावर केला होता तो आकाशातून मोडला. तोपर्यंत ब्रिगेड शहरभर छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरली होती, रुग्णालय, वीजकेंद्र, तुरुंग, कचेऱ्या, प्रत्येक ठिकाणी थोडी माणसं. निर्वासित हलवायच्या कामाला ही मांडणी योग्य होती, लढाईला जीवघेणी. २८ तारखेला सुमारे वीस हजार सशस्त्र लोक आणि त्यांच्या मागे लाखाचा जमाव या ठाण्यांवर तुटून पडला. ठाणी एकमेकांना मदत करू शकत नव्हती, दारूगोळा हाताशी होता तेवढाच. इंडोनेशियाचे नेते सुकार्नो यांना विमानाने आणून युद्धबंदी करावी लागली. ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहाव्या मराठाची कंपनी ज्या इमारतीत घेरली गेली होती तिच्यासमोर मॅलबी मोटारीत मारले गेले. पहिली गोळी कोणाची, यावर आजही मतभेद आहेत. १० नोव्हेंबरला पाचवी भारतीय डिव्हिजन युद्धनौकांच्या तोफा आणि विमानांच्या आधाराने शहरात घुसली आणि पुढचे सुमारे तीन आठवडे गल्लीबोळांतून लढाई चालली. इंडोनेशिया १० नोव्हेंबर हा दिवस आजही वीरदिन म्हणून पाळतो.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरचे जवान डचांच्या साम्राज्यासाठी जावामध्ये मरत होते, आणि त्याच वेळी त्यांच्याच गावांत काय चाललं होतं? सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. एकाच घरातला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा तुफान सेनेला भाकरी पोचवणारा, ही कल्पना करायला कादंबरी लागत नाही, कारण भरतीचा जिल्हा आणि बंडाचा जिल्हा एकच होता. भरवसा हा शब्द सरकारी कागदांत कोरडा दिसतो. त्याचा अर्थ असा घरातला आहे. देशात काँग्रेसने जावामधल्या फौजेविरुद्ध आवाज उठवला, गोदी कामगारांनी तिकडे जाणारा माल चढवायला नकार दिला. बोलणाऱ्यांना आता मतदार होते.

हे सगळं मनात ठेवून १८ फेब्रुवारी १९४६ कडे यावं. मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेत नाविकांनी जेवण नाकारलं. तक्रारी निकृष्ट अन्नाच्या, गोऱ्या नाविकांपेक्षा कमी पगाराच्या आणि अधिकाऱ्याच्या शिवीगाळीच्या. दोन-तीन दिवसांत संप ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २०,००० नाविकांपर्यंत पसरला. २१ ला कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला, २२ ला गिरणगाव रस्त्यावर उतरलं, आणि सरकारच्याच आकड्यांनी मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. २३ च्या सकाळी वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून नाविक शरण गेले. हे आपण सांगतो. पण त्यांच्या मागण्यांच्या यादीतली एक ओळ आपण वगळतो : इंडोनेशिया आणि इजिप्तमधून भारतीय फौजा परत आणा. पाव आणि डाळीच्या तक्रारीपासून सुरुवात केलेल्या पोरांनी साम्राज्याची नाडी बरोबर धरली होती. त्यांना फक्त बंडखोर म्हणून हार घालणं म्हणजे त्यांच्या बुद्धीला कमी लेखणं आहे.

तरीही या बंडाने इंग्रजांना हाकललं, असं मी म्हणणार नाही. सत्तांतराची बोलणी करायला कॅबिनेट मिशन पाठवायचा निर्णय लंडनमध्ये जानेवारीतच झाला होता आणि तो जाहीर झाला १९ फेब्रुवारीला, बंडाच्या दुसऱ्या दिवशी. तारखा उलट्या लावून इतिहास होत नाही. बंडाने केलं ते दुसरं आणि तितकंच मोठं काम : मागे फिरण्याचा रस्ता बंद केला. त्याच जानेवारीत कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाईदलाच्या गोऱ्या जवानांनी घरी पाठवा म्हणून संप केला होता. तो भारत, सिलोन, सिंगापूर असा सुमारे ६० तळांवर आणि ५०,००० जवानांपर्यंत गेला होता. १८५७ नंतर बांधलेल्या रचनेत देशी फौज बिथरली तर गोरी फौज आहे, हे गृहीत होतं. आता गोरी फौजही काम नाकारत होती. १९४६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेनाप्रमुखांनी हिशोब केला की भारत बळाने धरून ठेवायचा तर चार ते पाच जादा ब्रिटिश डिव्हिजन लागतील. एक डिव्हिजन म्हणजे पंधरा-अठरा हजार लढवय्ये आणि मागे त्याहून अधिक रसद, दुरुस्ती, दवाखाने. ती जर्मनीतून, ग्रीसमधून, पॅलेस्टाइनमधून काढायची, घरी परतणाऱ्यांना थांबवायचं, कामगारांविना पडलेले कारखाने तसेच ठेवायचे. उत्तर नकारार्थीच येणार होतं. व्हाइसरॉय वेव्हेल हे स्वतः फील्डमार्शल. प्रशासन १९४८ च्या वसंतापलीकडे रेटता येणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि टप्प्याटप्प्याने माघारीचा आराखडा दिला.

म्हणून तीन खुंट्यांचं भांडण मला अपुरं वाटतं. कायदेमंडळातल्या चिवट वादाने फौज महाग केली. बेचाळीसने आणि प्रतिसरकारने दाखवलं की देश सांभाळायला किती फौज लागते, कारण त्या एका वर्षी ५० हून अधिक बटालियन अंतर्गत बंदोबस्ताला लावाव्या लागल्या. आझाद हिंद सेना आणि नाविकांनी भरवसा मोडला. युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली. यातलं एकही कलम काढलं तर बेरीज चुकते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ब्रिटनने १९४७ नंतरही मलाया, केनिया, सायप्रस इथे लढाया केल्या. मलायात तर जिंकल्या. मग भारतीय फौजेविना साम्राज्य चालत नव्हतं कसं म्हणायचं? कशाच्या बळावर लढले ते बघा. शांतताकाळातली सक्तीची लष्करभरती, जी ब्रिटनने १९३९ पर्यंत कधी केली नव्हती, ती १९४७ च्या कायद्याने आली. अठरा महिन्यांची मुदत कोरियाच्या युद्धामुळे १९५० मध्ये दोन वर्षं झाली. त्यातला मोठा भाग शिकवण्यात आणि प्रवासात जाई. लढण्याजोगा झाला की पोरगा घरी. दहा गुरखा रेजिमेंटांपैकी चार ब्रिटनने १९४७ च्या करारात ठेवून घेतल्या आणि मलायाच्या जंगलात त्यांच्यावरच मोठी भिस्त राहिली. शिवाय मलायाला स्वातंत्र्य देण्याचं वचन द्यावं लागलं, तेव्हा कुठे लढाई आवाक्यात आली. जी किंमत पूर्वी नाशिक किंवा जालंधरचा शेतकरी भरत होता ती आता मँचेस्टरच्या आईला द्यावी लागत होती, आणि तिला मत होतं.

सुएझने याचा निकाल लावला. १८८२ आणि १९५६ शेजारी ठेवून पाहावेत. कालवा तोच. २६ जुलै १९५६ ला इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी त्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि हल्ला व्हायला नोव्हेंबर उजाडला. छत्रीधारी सैनिक सायप्रसच्या डोंगरांत बंडखोरांच्या मागे होते. महिनोन्महिने त्यांनी उडी मारली नव्हती, त्यांना सरावासाठी इंग्लंडला न्यावं लागलं. टँक बंदरापर्यंत पोचवायला खासगी वाहतूक कंपनीचे ट्रेलर भाड्याने घेतले. राखीव सैनिक परत बोलावले. सायप्रसला मोठ्या ताफ्याला पुरेल असं खोल बंदर नाही, म्हणून ताफा माल्टाहून निघाला : सुमारे १,७०० किलोमीटर, टँक उतरवणाऱ्या संथ जहाजांच्या चालीने सहा दिवस. ५ नोव्हेंबरला पोर्ट सैदजवळ उड्या, ६ ला समुद्रातून हल्ला आणि त्याच मध्यरात्री युद्धबंदी. एकट्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या गंगाजळीतून २७.९ कोटी डॉलर गेले आणि पौंड वाचवायला अमेरिकेने हात दिला नाही. क्रॅनबोर्न यांनी सांगितलेला लगाम नव्वद वर्षांनी लागला होता. आणि भारतीय सैनिक तिथे पोचले ते संयुक्त राष्ट्रांच्या दलातून, ब्रिटिश आणि फ्रेंच माघार घेत असताना मधे उभे राहायला.

पुढचं लवकर झालं. १९५७ च्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकेने सक्तीची भरती संपवायचं ठरवलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, त्याच महिन्याच्या अखेरीस एडन सोडलं, आणि १६ जानेवारी १९६८ ला हॅरल्ड विल्सन यांनी १९७१ अखेर सुएझच्या पूर्वेकडून माघार जाहीर केली.

आपल्याकडे या सगळ्याचा अभ्यास फार थोडा झाला आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा खंड ब्रिटिश सरकारने १९८३ पर्यंत छापून पूर्ण केले, ते सर्वांना खुले आहेत. आग्नेय आशियातल्या पलटणींच्या युद्धरोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७२ या क्रमांकाखाली आहेत. महिन्याला एक रोजनिशी, मागे हुकूम आणि नकाशे जोडलेले. चौथ्या आणि सहाव्या मराठाचा ऑक्टोबर १९४५ तिथे शोधायला हवा. ब्रिटिश लायब्ररीत सेन्सॉरचे अहवाल आहेत. महायुद्धात जवानांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर वाची आणि त्यांतले उतारे इंग्रजीत करून वर पाठवी. पगार, महागाई, गावाकडची जमीन, साहेबाची वागणूक, सगळं त्यांत आहे. म्हणजे मराठी जवान काय विचार करत होता ते लंडनमध्ये इंग्रजीत मिळतं. मूळ मराठी पत्रं मात्र उतारे काढून झाल्यावर टपालाने पुढे जात, आणि ती साताऱ्यातल्या, रत्नागिरीतल्या घरांमध्ये पोचली होती.